भूदार : वराहाचा उपद्रव आणि त्याच्या निवारणाचे प्राचीन मार्ग

१. विषयप्रवेश

संशोधनाच्या त्रैमासिकांत रानडुकराचा विचार कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांस पडेल. सनदा, महजर, शकावल्या आणि पोथ्या यांत रमणाऱ्या अभ्यासकास हा विषय शेतकी खात्याचा वाटावा हें स्वाभाविकच आहे. परंतु ज्या खेड्यांतून आपण हीं दप्तरें मिळवितों, तेथील शेतकऱ्यास त्याची मोठी अडचण विचारिली, तर कोंकणापासून विदर्भापर्यंत पुष्कळ ठिकाणीं एकच उत्तर येतें : डुक्कर पीक हातीं लागूं देत नाहीं. भात, ऊस, मका, भुईमूग, हरभरा, यांतलें कांहींच त्याला वर्ज्य नाहीं. कळप खातो त्याहून अधिक तुडवितो आणि उकरतो. एका रात्रींत चार महिन्यांची मेहनत मातींत जाते. रानालगतचें शेत कसण्यापेक्षां पडीत टाकलेलें बरें, अशा निर्णयास कित्येक कुटुंबें आलीं आहेत.

हा उपद्रव नवा नाहीं आणि त्याचा विचारहि नवा नाहीं. आमच्या संस्कृत वाङ्मयांत वराहाविषयीं दोन निरनिराळे प्रवाह दिसतात. एक राजाच्या मृगयेचा, दुसरा शेताच्या राखणीचा. काव्यें, टीका आणि चित्रें यांच्या योगें पहिला प्रवाह सर्वांच्या परिचयाचा झाला. दुसरा धर्मशास्त्रांतील चार-दोन वचनांत, कोशांतील शब्दांत आणि खेडुतांच्या बोलींत विखुरलेला राहिला. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वराहाचें निवारण या दुसऱ्या प्रवाहांत सांपडतें, पहिल्यांत सांपडत नाहीं. आणि आज जगांत इतरत्र आलेला अनुभवहि याच मताला पुष्टि देतो.

२. नामांचा विचार

अमरसिंहानें सिंहादि वर्गांत वराहास बारा नांवें दिलीं आहेत : वराह, सूकर, घृष्टि, कोल, पोत्री, किरि, किटि, दंष्ट्री, घोणी, स्तब्धरोमा, क्रोड आणि भूदार. विद्यार्थी हीं नांवें पाठ करितात आणि पुढें जातात. परंतु ज्याला हा पशु आवरावयाचा आहे, त्याला यांतील निम्मीं नांवें उपयोगाचीं आहेत. स्तब्धरोमा म्हणजे ताठ केंसांचा. दंष्ट्री म्हणजे सुळ्यांचा. घृष्टि या नांवांत घासण्याचा अर्थ आहे. चिखलांत लोळून आल्यावर डुक्कर झाडाच्या बुंध्यास अंग घासतें आणि तो चिखलाचा पट्टा बुंध्यावर वाळून राहतो. कळप कोणत्या वाटेनें येतो हें ओळखण्याची ती पहिली खूण होय.

घोणी आणि पोत्री हीं दोन नांवें नाकाडावरून आलेलीं आहेत. त्यांतील पोत्र हा शब्द विशेष विचार करण्यासारखा आहे. पाणिनीनें तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादांत (३.२.१८३) हा शब्द सिद्ध करितांना तो दोन वस्तूंच्या अवयवास लागतो असें सांगितलें आहे. त्यांतील एक नांगर आणि दुसरी वस्तु डुक्कर. नांगराचें तोंड आणि डुकराचें तोंड यांस भाषेनें एकच नांव दिलें, कारण दोघांचें काम एकच. फरक इतकाच कीं, नांगर पेरणीच्या आधीं येतो आणि डुक्कर पेरणीनंतर! भूदार म्हणजे भूमि विदारणारा, हें नांवहि त्याच अर्थाचें. अथर्ववेदांत (२.२७) एक औषधि डुकरानें नाकानें उकरून काढिल्याचा उल्लेख आहे, आणि दुसऱ्या एका सूक्तांत (८.७) वराहास वनस्पति ओळखणारा म्हटलें आहे. पृथ्वीला दंतावर उचलून घेणाऱ्या आदिवराहाची कल्पना ज्या समाजांत रुजली, त्याने हा पशु जमिनींत तोंड घालतांना पुष्कळदां पाहिला असला पाहिजे.

तो जमिनींत शोधतो काय, याचेंहि उत्तर ग्रंथांत आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत राजा मृगया थांबवितो, तेव्हां वराहांनीं आतां डबक्यांतील मुस्ता निर्धास्तपणें उकरावी असें तो म्हणतो. मुस्ता म्हणजे आपला नागरमोथा. शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून शिव्या देतो तो याच वर्गांतला. त्याच्या मुळाशीं लहान गांठी असतात आणि त्या डुकरास अतिशय आवडतात. वैद्यकाच्या निघंटूंत मुस्तेस क्रोडेष्टा, म्हणजे डुकराची आवडती, असें पर्यायनाम आहे. तसाच वाराहीकंद, त्याला मराठींत डुक्करकंद म्हणतात. निघंटूंच्या हस्तलिखितांत हीं नांवें निव्वळ पर्याय म्हणून वाचण्याची आपणांस संवय झाली आहे. वस्तुतः तीं निरीक्षणें आहेत. लव्हाळ्यानें भरलेलें पडीत रान आणि त्याला लागून उभें पीक, अशी रचना असली म्हणजे डुकरास निराळें आमंत्रण लागत नाहीं.

आणखी एक भेद येथेंच सांगितला पाहिजे. धर्मशास्त्र गांवडुक्कर आणि रानडुक्कर यांस निरनिराळें लेखतें. मनूनें पांचव्या अध्यायांत विड्वराह, म्हणजे गांवांतील घाण खाणारें डुक्कर, अभक्ष्य ठरविलें. आणि तिसऱ्या अध्यायांत श्राद्धाच्या प्रकरणीं वराहमांसानें पितर दहा महिने तृप्त राहतात असें म्हटलें. आचाराच्या दृष्टीनें हा भेद मोठा. प्राण्याच्या दृष्टीनें मात्र जात एकच. गांवडुक्कर मोकळें सुटून रानांत वाढूं लागलें, तर त्याची प्रजा रानटीच होते, आणि रानडुकराशीं तिचा संकरहि होतो. पुढें अमेरिकेचा विचार करितांना ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

३. वृति अथवा वई

शेताच्या संरक्षणाचा मूळ नियम मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत आहे. गांवाभोंवती शंभर धनुष्यें, म्हणजे सुमारें ४०० हात, जमीन गुरांसाठीं मोकळी सोडावी; नगराभोंवती याच्या तिप्पट सोडावी (८.२३७). या मोकळ्या जागेलगतचें शेत कुंपणावांचून असेल आणि गुरांनीं तें खाल्लें, तर गुराख्यास दंड नाहीं (८.२३८). आणि कुंपण कसें असावें? उंटाला वरून पाहतां येणार नाहीं इतकें उंच, आणि कुत्र्याचें वा डुकराचें तोंड शिरेल असें एकहि भोंक न राहील असें (८.२३९).

हें वचन आम्हांस फार मार्मिक वाटतें. स्मृतिकारानें कुंपणास दोन कसोट्या लाविल्या : एक वरची, दुसरी खालची. वरची कसोटी उंटाच्या डोळ्याची, खालची डुकराच्या नाकाडाची. डुक्कर कुंपणावरून क्वचितच उडी मारतें. तें खालून शिरतें. प्रथम नाकाड आंत घालतें, मग डोकें, आणि डोकें गेलें म्हणजे खांद्याच्या जोरानें उरलेलें कुंपण उचलतें. मराठींतील मुसंडी मारणें या प्रयोगांतहि तेंच चित्र आहे. म्हणून प्रश्न कुंपण किती उंच हा नाहीं. जमिनीपासूनची पहिली वीत कशी आहे, हा आहे.

संदर्भ पाहतां मनूचें डुक्कर हें गांवांत हिंडणारें असावें, कारण प्रकरण गांवालगतच्या चराईचें आहे आणि डुकराची जोडी कुत्र्याशीं घातली आहे. नारदस्मृति एक पाऊल पुढें जाते. तिच्यांत वाटेलगतच्या शेताच्या कुंपणास उंटाची तीच कसोटी आहे. जनावरानें वा घोड्यानें तें ओलांडूं नये असेंहि आहे. पण डुकराविषयीं शब्द बदलला आहे. डुकरास तें कुंपण फोडतां येऊं नये, असें नारद म्हणतो. मनूला भोंकाची चिंता, नारदाला बळाची. हीं दोन वचनें एकत्र ठेविलीं म्हणजे आजच्या कोणत्याहि शेतकी पुस्तकांत मिळेल तो नियम पुरा होतो : तळ बंद हवा आणि तळ मजबूतहि हवा.

मनु आणि नारद कुंपणास वृति म्हणतात. हाच शब्द प्राकृतांतून येऊन मराठींत वई झाला. काट्यांची वई घालणें, वई मोडणें, हे प्रयोग देशावर आणि कोंकणांत आजहि ऐकूं येतात. कोंकणांतील दगडी गडगा, घाटमाथ्यावरील निवडुंगाची वई, देशावरील बाभळीच्या फांट्यांचें कुंपण, हे सर्व त्या एका वृतीचेच अवतार. कुंपणाच्या जोडीला राखण. पीक हुरड्यांत आलें म्हणजे शेतांत उंच माळा घालावयाचा, गोफण आणि डबा घेऊन वर बसावयाचें, आणि रात्रभर आरोळीला आरोळी देत जागल करावयाची. एका शेतानें जागल केली तर डुकरें शेजारच्या शेतांत जातात. साऱ्या शिवारानें केली तरच तीं रानाकडे वळतात.

४. वागुरा, पाश आणि कूट

कुंपणानें न भागलें तर धरावयाचें कसें? रामायणाच्या किष्किंधाकांडांत (सर्ग १८) राम वालीला उत्तर देतांना, माणसें पशूंना वागुरांनीं, पाशांनीं आणि नाना प्रकारच्या कूटांनीं धरितात, असें सांगतो. हीं तीन नांवें म्हणजे प्राचीन पारधीचें सगळें साहित्य होय.

वागुरा म्हणजे जाळें. अमरानें तिचा पर्याय मृगबंधनी असा दिला आहे, आणि वागुरा वापरणाऱ्यास वागुरिक म्हटलें आहे. रानाच्या एका अंगाला जाळें उभें करावयाचें आणि दुसऱ्या अंगानें हाका घालून जनावर त्यावर आणावयाचें, अशी ही रीत. मराठींत वागुरेची वाघूर किंवा वाघर झाली. वाघाचा आणि तिचा धात्वर्थानें संबंध नाहीं, परंतु लोकांच्या कानानें तो जोडला. आज वाघर हा शब्द धनगराच्या तोंडीं अधिक ऐकूं येतो : मेंढरें रात्रीं ज्या जाळ्याच्या कुंपणांत कोंडितात ती वाघर. पशु धरण्याचें साधन पशु राखण्याचें साधन झालें, हा शब्दाच्या इतिहासांतील एक मनोहर पालट आहे.

पाश म्हणजे फांस. फासेपारधी या जातिनामांत तो कायम राहिला आहे. फांसाचा उपयोग हरिणें, ससे आणि पक्षी यांवर होतो. डुकरावरहि लावितात, पण त्यांत एकच डुक्कर अडकतें आणि बाकीचा कळप सावध होतो.

कूट म्हणजे छपविलेलें, फसविणारें साधन. अमरानें उन्माथ आणि कूटयंत्र हे शब्द याच अर्थानें दिले आहेत. मनूनें सातव्या अध्यायांत रणांत कूट आयुधांनीं शत्रूस मारूं नये असा निषेध केला आहे (७.९०). तो योद्ध्यांपुरता असला तरी त्यामागचा विचार आम्हांस येथेंहि लागू वाटतो. छपलेलें साधन कोणावर चालेल हें तें लावणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं. मे २०२० मध्यें केरळांत एका गाभण हत्तिणीनें स्फोटक भरलेलें फळ चावलें आणि ती तडफडून मेली. अशीं फळें तिकडे रानडुकरांसाठीं ठेवीत असत. आपल्याकडे कुंपणाच्या तारेंत घरगुती विजेचा प्रवाह सोडण्याची जी दुष्ट चाल पडली आहे, ती याच जातीची. विदर्भांत तिनें वाघ मेले आहेत आणि माणसेंहि मेलीं आहेत. कूटाच्या निषेधाचें याहून स्पष्ट भाष्य नको.

या संबंधांत कौटिल्याचें विवेचन सर्वांत व्यवहारी आहे. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाच्या तिसऱ्या अध्यायांत आठ महाभयें सांगितलीं आहेत : अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष, मूषक, व्याल, सर्प आणि राक्षस. व्याल म्हणजे हिंस्र वन्य पशु. त्यांच्यावर उपाय म्हणून व्याध आणि कुत्रीं बाळगणारे शिकारी यांनीं कूटपंजर व अवपात घेऊन हिंडावें, असें तो सांगतो. कूटपंजर म्हणजे छपविलेला पिंजरा. अवपात म्हणजे वरून झांकलेला खड्डा. पुढचें वाक्य त्याहून महत्त्वाचें आहे. पशूच्या हल्ल्याच्या वेळीं जो मदतीस धांवत नाहीं त्याला १२ पण दंड, आणि जो व्याल मारील त्याला तितकेंच पारितोषिक. म्हणजे वन्य पशूचा बंदोबस्त हें कौटिल्याच्या मतें कोणा एकट्या शेतकऱ्याचें काम नाहीं. तें साऱ्या जनपदाचें काम असून राजानें तें चालवावयाचें आहे.

५. विनोद आणि निवारण

आतां दुसरा, अधिक प्रसिद्ध प्रवाह पाहूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास हा ग्रंथ शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराचा. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेली त्याची प्रत गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत निघाली आणि मराठी अभ्यासकांस ती सुपरिचित आहे. त्यांत मृगयेचें सविस्तर प्रकरण आहे. परंतु तें कोठें आहे हें पाहावें. तें राज्यस्थैर्याच्या विंशतींत नाहीं. राजाच्या विनोदांच्या विंशतींत आहे. अन्नभोगाच्या प्रकरणांत वराहाचें मांस कसें सिद्ध करावें हेंहि तपशीलानें आलें आहे. ज्या चालुक्यांच्या मुद्रेवर वराह, ज्यांच्या त्या लांछनावरून होनास वराह हें नांव पडलें, त्यांच्याच पाकशाळेंत ही सिद्धता होत असे. पूजा, मुद्रा, क्रीडा आणि भोजन, या चारहि ठिकाणीं वराह आहे. फक्त शेतकऱ्याच्या बांधावरचा वराह तेथें नाहीं.

दक्षिणेंतील आतकूरचा शिलालेख या विषयावर मोठा प्रकाश पाडतो. हा लेख कानडी असून शके ८७२ चा, म्हणजे राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळचा आहे. फ्लीटनें तो एपिग्राफिया इंडिकेंत प्रसिद्ध केला. तक्कोलमच्या लढाईंत पराक्रम केल्याबद्दल गंग राजा बूतुग यानें मणलेर नांवाच्या वीरास काय हवें तें माग म्हटलें. मणलेरानें राजाची काळी नांवाची कुत्री मागून घेतली. पुढें त्या कुत्रीनें एका मोठ्या रानडुकराशीं झुंज दिली आणि दोघेंहि एकमेकांच्या हातून मेलीं. तिच्या स्मरणार्थ चल्लेश्वराच्या देवळापुढें दगड उभा केला, त्यावर ती झुंज कोरली, आणि जमीन नेमून दिली. हा दगड आज बेंगळूरच्या संग्रहालयांत आहे. शौर्याचा हा लेख वाचतांना ऊर भरून येतो. पण निवारणाच्या दृष्टीनें हिशेब केला तर एका उत्तम कुत्रीच्या मोबदल्यांत एक डुक्कर मेलें, आणि तेंहि बहुधा एकटें हिंडणारा नर. पीक उलथें करणाऱ्या कळपास त्यानें धक्काहि लागला नाहीं.

इंग्रजी अमदानींतील भाल्यानें डुक्कर मारण्याचा खेळ याच प्रवाहांतला. पुणें, नगर, नागपूर या छावण्यांतून गोरे अधिकारी घोड्यावर बसून हा खेळ खेळत. बेडन-पॉवेलनें १८८९ मध्यें त्यावर ग्रंथच लिहिला. त्या खेळाचा नियम असा कीं, मादीवर भाला टाकूं नये आणि ज्या मुलुखांत हा खेळ चालतो तेथें डुकरास बंदुकीनें मारूं नये. कारण उघड आहे : मादी मारली तर पुढच्या वर्षीं खेळास डुकरें कोठून यावीं? शेतकऱ्याला जी मादी प्रथम जावयास हवी तीच शिकाऱ्याला राखावयाची असते. विनोद आणि निवारण यांतील विरोध याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

६. परदेशांतील अनुभव

हा विरोध अगदीं निर्भेळ स्वरूपांत पाहावयाचा असेल, तर जेथें डुक्कर मूळचें नव्हतेंच अशा देशाकडे पाहिलें पाहिजे. असा देश अमेरिका. कोलंबसानें १४९३ च्या दुसऱ्या सफरींत डुकरें वेस्ट इंडीज बेटांत नेलीं. १५३९ मध्यें दे सोतो हा स्पॅनिश सरदार फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हां त्याच्याबरोबर डुकरांचा तांडा होता. हीं गांवडुकरेंच, त्यांतलीं सुटलेलीं रानांत वाढलीं. पुढें १९१२ मध्यें नॉर्थ कॅरोलिनांतील एका शिकारी रमण्यांत युरोपांतून रानडुकरें आणून सोडिलीं, तीं कुंपण फोडून बाहेर पडलीं, आणि दोहोंचा संकर झाला. शिकारीच्या हौसेनें लोकांनीं तीं आणखी ठिकठिकाणीं नेऊन सोडिलीं. आज त्या देशांत अशीं साठ लक्षांहून अधिक डुकरें असल्याचा तेथील शेतकी खात्याचा अंदाज आहे, आणि २०१४ पासून त्यांच्या बंदोबस्ताची स्वतंत्र राष्ट्रीय योजना चालू आहे.

त्यांनीं काढिलेला निष्कर्ष आमच्या विषयास फार जवळचा आहे. डुकराचा कळप म्हणजे नात्यांतील माद्या आणि त्यांचीं पिलें. मोठे नर एकटे हिंडतात. मादीचा गर्भकाल सुमारें ११५ दिवसांचा, वेताला चार ते सहा किंवा अधिक पिलें, आणि मादी वर्षाची होतां होतां विण्यास योग्य होते. त्यामुळें दहांतलीं दोन-तीन मारून उपयोग होत नाहीं. उरलेलीं ती तूट भरून काढितात, शिवाय शहाणीं आणि निशाचर होतात. बंदुकीनें एक पाडलें कीं कळप फुटतो आणि चार नव्या शिवारांत शिरतो. म्हणून मिझूरी संस्थानानें २०१६ मध्यें आपल्या संरक्षित सरकारी रानांत डुकरांची शिकारच बंद केली. उपद्रव वाढला म्हणून शिकार थांबविली, हें वाचून प्रथम आश्चर्य वाटेल. परंतु त्यांस कळप फुटूं द्यावयाचा नव्हता, अखंड धरावयाचा होता.

धरण्याची त्यांची रीत अशी. उकरलेली जमीन, लोळण्याचीं डबकीं आणि बुंध्यावरील चिखलाचे पट्टे पाहून कळपाची वाट निश्चित करावयाची. तेथें कित्येक दिवस मका टाकावयाचा आणि कांहीं करावयाचें नाहीं. कळपास संवय झाली म्हणजे भोंवती छातीएवढ्या उंचीचें लोखंडी जाळीचें कुंपण उभें करावयाचें. तें गोल असावें लागतें, कारण कोपरा असला कीं डुकरें तेथें एकमेकांवर चढून बाहेर पडतात. जाळीचीं भोंकें पिलू न निसटेल इतकीं लहान. दरवाजा रुंद, आणि तोहि कांहीं रात्री उघडाच ठेवावयाचा. शेवटची भित्री मादी आंत येऊं लागली, मोजदाद पुरी झाली, कीं मगच दरवाजा पाडावयाचा. अर्धा कळप आंत असतां घाई केली, तर बाहेर राहिलेला अर्धा पुन्हा कोणत्याहि पिंजऱ्याजवळ फिरकत नाहीं.

यांत मनूचें बिनभोंकाचें कुंपण आहे, कौटिल्याचा कूटपंजर आहे, अमराची घृष्टि आहे, निघंटूंतील क्रोडेष्टेच्या ठिकाणीं मका आहे. नवीन आहे ती चिकाटी आणि मोजदाद. आमच्या पूर्वजांस हें सर्व यंत्र अवगत होतें असें आम्ही म्हणत नाहीं. अवयव अवगत होते इतकेंच म्हणतों.

७. आजचा कायदा आणि आजचा शेतकरी

वरील रीत वाचून कोणी आपल्या शेतांत पिंजरा लावूं नये. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें रानडुक्कर संरक्षित आहे. पूर्वीं तें तिसऱ्या अनुसूचींत होतें, २०२२ च्या दुरुस्तीनें, १ एप्रिल २०२३ पासून, दुसऱ्या अनुसूचींत आलें. या कायद्यांत शिकार या शब्दांत फांस लावणें, पिंजऱ्यांत धरणें, विष घालणें, हें सर्व येतें. तथापि कायदा शेतकऱ्याविषयीं अगदीं आंधळा नाहीं. उभ्या पिकास धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानें अधिकार दिलेला अधिकारी अकराव्या कलमान्वयें परवानगी देऊं शकतो. आणि बासष्टाव्या कलमान्वयें केंद्र सरकार ठराविक मुलुखापुरतें व मुदतीपुरतें एखाद्या प्राण्यास उपद्रवी ठरवूं शकतें. बिहारांत २०१५ च्या अखेरीस आणि उत्तराखंडांत २०१६ च्या आरंभीं रानडुकराविषयीं असें एकेका वर्षापुरतें जाहीर झालें होतें. धरलेलें डुक्कर दुसऱ्या रानांत नेऊन सोडणें हाहि उपाय नव्हे. उपद्रव एका गांवाहून दुसऱ्या गांवास जातो, आणि २०२० मध्यें भारतांत प्रथम निदान झालेल्या आफ्रिकी सूकरज्वरासारखा रोगहि त्याबरोबर जाऊं शकतो.

परवानगीनें एखाददुसरें डुक्कर मारिल्यानें काय साधतें, हें वर आलेंच आहे. शेतकऱ्याच्या हातीं आज खरा उपाय आहे तो वृतीचा. तळाशीं मातींत पुरलेली मजबूत जाळी, किंवा सौर कुंपण. सौर कुंपणाचा प्रवाह क्षणभर येतो आणि थांबतो; त्यानें झटका बसतो, जीव जात नाहीं. घरगुती विजेच्या तारेशीं त्याची गल्लत कदापि करूं नये. त्याचीहि खालची तार जमिनीपासून वीत-दीड वीत अंतरावर असावी, तिला गवत लागूं देऊं नये, आणि पडीत रानांतला लव्हाळा वाढूं देऊं नये. एकट्याच्या कुंपणानें डुक्कर शेजाऱ्याकडे जातें, म्हणून कुंपण शेताला न घालतां शिवाराला घालावें. यांत एकहि गोष्ट स्मृतिकारांस अपरिचित वाटली नसती.

८. वाचकांस विनंती

कौटिल्याचें जें वचन वर आधारास घेतलें, तें १९०५ पूर्वीं कोणा आधुनिक विद्वानास वाचावयास मिळालें नव्हतें. त्या वर्षीं तंजावर प्रांतांतील एका पंडितानें ताडपत्राची एक पोथी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आणून दिली, शामशास्त्र्यांनीं ती ओळखिली, आणि १९०९ मध्यें अर्थशास्त्र छापून निघालें. पिंजरा, खड्डा आणि १२ पणांचा दंड त्या एका पोथीबरोबर परत आला.

आपल्या वाचकांजवळ अशा मोठ्या ग्रंथांच्या पोथ्या असोत वा नसोत, गांवगाड्याचे किरकोळ कागद पुष्कळांजवळ आहेत. रुमाल सोडितांना आपण वतनाचा कज्जा, राजकारणाचें पत्र, मोडी वळणाचा नमुना तेवढा निवडून घेतों, आणि पीक खाल्ल्याची तक्रार, वई मोडल्याचा निवाडा, जागलीच्या पाळ्यांची याद, राखणदाराला द्यावयाच्या धान्याचा हिशेब, हे कागद बाजूस सारतों. बाजूस सारलेला कागद दुसऱ्या पावसाळ्यानंतर बहुधा राहत नाहीं. कोणत्या गांवानें शिवाराची राखण एकत्र कशी केली, खर्च कसा वांटला, चुकलेल्यास दंड काय केला, हें त्याच कागदांत असावयाचें. आणि आजच्या गांवाला उपयोग त्याचाच आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, आपल्या दप्तरांत शेताची राखण, कुंपण, जागल, वाघूर किंवा डुकरांचा उपद्रव यांविषयीं ओळभर मजकूर आढळला तरी त्याची नक्कल, गांवाचें नांव आणि तिथि यांसह, या त्रैमासिकाकडे पाठवावी. निघंटूंच्या हस्तलिखितांत वराहावरून पडलेलीं वनस्पतींचीं नांवें आढळल्यास तींहि टिपून घ्यावींत. वृद्ध शेतकऱ्यांकडून माळा, वई आणि हाका यांचे शब्द उतरून घेण्यासही आतां फार अवधि उरलेला नाहीं. वराहावतारावर आपण पुष्कळ लिहिलें आहे. बांधावरच्या वराहाविषयीं जें लिहून ठेविलेलें आहे, तें निदान हरवूं देऊं नये.